सहावी ते आठवीच्या विज्ञानाची उजळणी: द्रव्य, ऊर्जा, बल. सुरुवात कुठून करावी?

पाटीपेन्सिल
मुलगी आठवी संपवून नववीत जाते आहे. नवीन अभ्यास सुरू व्हायच्या आधी द्रव्य, ऊर्जा आणि बल हे तीन विषय तिच्याबरोबर पुन्हा एकदा नीट बघायचे ठरवले आहेत. व्याख्या तिला येतात. जडत्व, संतुलित बल, असंतुलित बल, सगळं घडाघडा म्हणते. परवा टेबलावर एक वही ढकलली. हात काढल्यावर वही वीतभर घसरली आणि थांबली. का थांबली, असं विचारलं तर म्हणाली, "तू दिलेलं बल संपलं म्हणून." पाठोपाठ न्यूटनचा पहिला नियमही अचूक म्हणून दाखवला! दोन्ही गोष्टी डोक्यात सुखाने नांदताहेत आणि एकीचा दुसरीला पत्ता नाही.

त्यामुळे माझं मत असं झालंय की धड्यांच्या क्रमाने उजळणी करण्यात फारसा अर्थ नाही. आधी प्रश्न विचारायचा, काय होईल ते तिच्याकडून वदवून घ्यायचं, मग करून बघायचं. अंदाज फसला की तिथे थांबायचं. व्याख्या सगळ्यात शेवटी.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सुरुवात कशापासून करू? आणि कुठल्या कल्पना कच्च्या राहिल्या की पुढे हमखास अडतं?

रानवाटा
बलापासून. ढकलणं-ओढणं हाताला जाणवतं. अणुरेणू कोणी पाहिलेत?

कणकण
माझं मत द्रव्याला. सगळं द्रव्य सूक्ष्म कणांचं बनलेलं आहे आणि ते कण सतत हलत असतात, एवढी एक गोष्ट पक्की बसली तर अर्ध्याहून जास्त धडे आपोआप उलगडतात. बाष्पीभवन, विसरण, प्रसरण, वायूचा दाब, उष्णतेचं वहन, सगळं त्यातूनच निघतं.

पण नुसतं "कण असतात" म्हणून भागत नाही. मुलांच्या मनात कणांचं चित्र काय आहे ते काढायला लावा. लोखंडी सळई तापून लांबली की बरीच मुलं कणच मोठे झालेले काढतात. कण तेवढेच राहतात, त्यांच्यामधलं सरासरी अंतर वाढतं. पाण्याची वाफ झाली की कण जणू विरळ झाले, हलके झाले, असंही मुलांना वाटतं. कण तेच आणि तेवढ्याच वस्तुमानाचे. फक्त साध्या हवेच्या दाबाला तेच कण सुमारे १६०० ते १७०० पट जागा व्यापतात.

आणि @रानवाटा, अणू न बघताही त्यांचा पुरावा मिळाला होता. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाला परागकणांतून बाहेर पडलेले बारीक कण पाण्यात सतत थरथरताना दिसले. ते सजीव असतील म्हणून त्याने निर्जीव पदार्थांची पूड घेऊन पाहिली, तीही तशीच थरथरली. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने त्याचं गणित मांडलं: पाण्याचे रेणू चहूबाजूंनी धडका देतात, पण एका क्षणी सगळ्या बाजूंनी सारख्या देत नाहीत. पुढे झाँ पेरँने मोजमापं करून ते पडताळलं आणि १९२६ चं नोबेल मिळवलं. ही गोष्ट मुलीला जरूर सांगा. "न दिसणारी गोष्ट कशी ओळखायची" हे यात फार छान दिसतं.

कुतूहल
@कणकण, उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांत काय असतं? आमच्याकडे "हवा" आणि "हायड्रोजन-ऑक्सिजन" असे दोन पक्ष पडले आहेत.

कणकण
दोन्ही पक्षांना तिसरं उत्तर द्या: पाण्याची वाफ. पाणी तापायला लागल्यावर भांड्याच्या तळाला जे बारीक बुडबुडे चिकटतात ती मात्र पाण्यात विरघळलेली हवा. नंतर खदखदून वर येणारे मोठे बुडबुडे म्हणजे पाण्याचेच रेणू, वायुरूपात. साध्या उकळण्याने पाण्याचा रेणू फुटत नाही. भौतिक बदल आणि रासायनिक बदल यांतला फरक समजला आहे का, ते तपासायला याहून चांगला प्रश्न मला माहीत नाही.

खडूफळा
हा धागा अगदी माझ्या रोजच्या कामाचा आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

"बल संपलं" हे उत्तर जवळजवळ प्रत्येक वर्गात येतं आणि ते मूर्खपणाचं मुळीच नाही. न्यूटनच्या आधी शतकानुशतकं भल्याभल्या विद्वानांचीही तीच समजूत होती: फेकणारा वस्तूत काहीतरी भरतो आणि ते हळूहळू खर्च होतं. गॅलिलिओने उतरणीवरून गोळे सोडून विचार केला की समोरचा चढ कमी कमी करत नेला तर गोळा जास्त जास्त लांब जातो. चढच नसेल तर थांबायचं कारण काय? १६८७ मध्ये न्यूटनने ते नियमात बसवलं.

वर्गात मी एकच शिस्त पाळतो. वस्तूवर बलाचा बाण काढायचा असेल तर त्याच्याजवळ "कोणी, कोणावर" हे लिहिलंच पाहिजे. तुमच्या वहीचं चित्र मुलीला काढायला सांगा. ती घसरत असतानाचं, हात सुटल्यानंतरचं. पृथ्वी वहीवर, खाली. टेबल वहीवर, वर. टेबल वहीवर, घर्षणाचं, मागे. बहुतेक मुलं चौथा बाण पुढच्या दिशेने काढतात. तिथे विचारायचं: हे बल कोण देतंय? हात? हात तर आता वहीला लागलेलाच नाही. देणारा सापडत नाही, मग बाण पुसायचा. तो बाण मुलीने स्वतः पुसला पाहिजे, आपण नाही. वहीकडे त्या क्षणी वेग आहे, गतिज ऊर्जा आहे, पण पुढे ढकलणारं बल नाही. बल ही वस्तूत साठवायची चीजच नव्हे, ते दोन वस्तूंच्या मध्ये असतं.

मग तीच वही, शक्य तितक्या सारख्या धक्क्याने, जाड कापडावर, लाकडावर आणि काचेवर ढकलून बघा. आधी अंदाज, मग कृती. तुमची पद्धत मला पूर्ण मान्य आहे.

कुतूहल
यात पृथ्वी वहीला खाली ओढते आणि टेबल वर ढकलतं, ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी झाली ना?

खडूफळा
नाही, आणि इथे नववीतही पुष्कळ जण घसरतात. ही दोन्ही बलं एकाच वस्तूवर, वहीवर आहेत. तिसऱ्या नियमातली जोडी नेहमी दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असते. पृथ्वी वहीला ओढते, तर जोडीदार म्हणजे वही पृथ्वीला ओढते. टेबल वहीला वर ढकलतं, तर जोडीदार म्हणजे वही टेबलाला खाली ढकलते. हेच टेबल वर जायला लागलेल्या लिफ्टमध्ये ठेवा. वेग वाढत असेपर्यंत टेबलाचं बल पृथ्वीच्या बलापेक्षा जास्त असतं. ती क्रिया-प्रतिक्रिया असती तर त्यांच्यात कधीच फरक पडला नसता.

रानवाटा
मग माझाही घोडा येऊ द्या मैदानात. घोडा गाडीला जेवढ्या जोराने ओढतो, तेवढ्याच जोराने गाडी घोड्याला मागे ओढते. मग गाडी हलते कशी? घोड्याने तिसरा नियम वाचलेला नाही म्हणून? :)

खडूफळा
घोडा नियम काटेकोर पाळतो! गाडी हलेल का हे ठरवायला फक्त गाडीवरची बलं बघायची: घोड्याची ओढ पुढे, घर्षण मागे. ओढ जास्त, की गाडी निघाली. आणि घोडा का निघतो? तो खुरांनी जमीन मागे रेटतो, म्हणून जमीन त्याला पुढे रेटते. हे पुढे रेटणारं बल घर्षणाचंच आहे. "घर्षण नेहमी हालचालीला विरोध करतं" हे वाक्य मुलांकडून पुसून घ्या. ते पृष्ठभागांच्या एकमेकांवरून घसरण्याला विरोध करतं. आपण चालतो ते घर्षणाच्या जोरावर.

दशांश
मी वेगळं मत मांडतो. समजुती शोधणं वगैरे छान आहे, पण नववीत मुलं अडतात ती बहुतांशी एकक आणि गणित यांत. किलोग्रॅम कुठे, न्यूटन कुठे, ज्यूल आणि वॅट यांत फरक काय, हे येत नसेल तर चर्चा करून काय उपयोग? रोज थोडी उदाहरणं सोडवा. आकडे हातात खेळले की कल्पना मागून येतात. निदान माझा अनुभव असाच आहे.

पाटीपेन्सिल
@दशांश, उदाहरणं ती सोडवते. सूत्रात आकडे टाकून उत्तर बरोबर आणते. पण उत्तराचा अर्थ विचारला की गप्प. म्हणून तर हा खटाटोप. @खडूफळा, "कोणी कोणावर" उद्यापासून सुरू.

दशांश
अर्थ आकड्यांतूनच कळतो, बघा ना. ६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाचं पृथ्वीवर वजन काढायला सांगा: ६० गुणिले ९.८, म्हणजे ५८८ न्यूटन. चंद्रावर गुरुत्व त्वरण सुमारे १.६२, म्हणजे साधारण ९७ न्यूटन. आता विचारा: चंद्रावर ताणकाटा काय दाखवेल आणि दोन पारड्यांचा तराजू काय दाखवेल? ताणकाट्यावर सहाव्या हिश्श्याचं वजन, आणि तराजूवर मात्र तेच ६० किलो, कारण दुसऱ्या पारड्यातली वजनंही तेवढीच हलकी झाली. वस्तुमान आणि वजन यांच्यातला फरक असा आकड्यांनी पटतो, नुसत्या "वजन बदलतं, वस्तुमान बदलत नाही" या वाक्याने पटत नाही.

निळीशाई
दशांश यांचं हे उदाहरण मस्त. त्याला जोडून अजून एक: अंतराळस्थानकातले अंतराळवीर का तरंगतात? "तिथे गुरुत्वाकर्षण नाही" हे उत्तर मोठी माणसंही छातीठोकपणे देतात. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक जेमतेम ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. तिथे पृथ्वीचं गुरुत्व जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असतं. नसतं तर स्थानक कक्षेत राहिलंच नसतं, सरळ रेषेत निघून गेलं असतं. स्थानक आणि आतली माणसं दोघंही एकत्र, सारख्याच त्वरणाने पृथ्वीकडे पडत असतात, पण आडवा वेग सेकंदाला ७.७ किलोमीटरच्या आसपास असल्यामुळे ती जेवढी खाली पडतात, तेवढाच पृथ्वीचा गोल पृष्ठभागही खालून वळत जातो. पायाखालची जमीन आपल्याबरोबरच पडत असेल तर ती आपल्याला वर ढकलणार कशी? वजन जाणवत नाही ते त्यामुळे.

अवांतर: १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडलं होतं. दोन्ही बरोबर खाली पोहोचले. त्याची चित्रफीत उपलब्ध आहे, मुलीला आधी अंदाज विचारून मगच दाखवा.

उतारवळण
ऊर्जेबद्दल कोणीच काही म्हणेना म्हणून लिहिते आहे. माझ्या मते सगळ्यात कच्चा राहतो तो हाच भाग, कारण मुलांना ऊर्जा ही इंधनासारखी "वापरून संपणारी" वस्तू वाटते. मला ती जमाखर्चाच्या वहीसारखी समजवायला आवडते: एका खात्यातून गेली की दुसऱ्या खात्यात तेवढीच दिसलीच पाहिजे. चेंडू उंचावरून सोडला, पुन्हा तेवढ्या उंचीवर आला नाही. उरलेली ऊर्जा कुठल्या खात्यात? चेंडू आणि जमीन किंचित तापली, थोडी हवेत, थोडी आवाजात. "नष्ट झाली" हे उत्तर चालणार नाही.

आणि गतिज ऊर्जेतला वेगाचा वर्ग! तो सूत्रात दिसतो, पण अंगात मुरत नाही. वाहनाचा वेग ताशी ४० ऐवजी ८० केला तर ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर किती होईल? सगळे म्हणतात दुप्पट. ब्रेकचं बल तेवढंच असेल तर ते चौपट होतं, कारण घालवायची ऊर्जा चौपट असते आणि तेवढं कार्य करायला चौपट अंतर लागतं. चालकाने ब्रेकवर पाय नेईपर्यंत गाडी जाते ते अंतर वेगळंच.

हा वर्ग सहजासहजी कोणाच्या गळी उतरला नव्हता. वस्तूच्या गतीचं माप वेग धरायचं की वेगाचा वर्ग, यावर युरोपात मोठा वाद होता. विलेम स्ग्रावेसांद या डच शास्त्रज्ञाने वेगवेगळ्या उंचीवरून पितळी गोळे मऊ मातीत पाडले. आपटण्याचा वेग दुप्पट झाला तर खड्डा चौपट. एमिली द्यू शातले या फ्रेंच विदुषीने १७४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा प्रयोग उचलून धरला आणि वर्गाच्या बाजूने ठामपणे मांडणी केली. सूत्रातलं अर्धं तर आणखी पुढे, १८२९ मध्ये कोरिओलिसने आणलं. मऊ माती आणि दोन गोट्या घेऊन हा प्रयोग घरी होतो. फक्त एक लक्षात ठेवा: वेग दुप्पट करायला उंची चौपट करावी लागते.

कुतूहल
जड पिशवी हातात धरून नुसतं उभं राहिलं तर कार्य शून्य, हे मला आजतागायत पटलेलं नाही. हात भरून येतात त्याचं काय?

उतारवळण
पिशवीवर झालेलं कार्य शून्य, कारण पिशवी हललीच नाही. पण स्नायूंच्या आत स्वस्थता नसते. ताण टिकवायला स्नायूतले तंतू सतत आकसतात, सैल होतात, पुन्हा आकसतात, आणि त्यात शरीरातली रासायनिक ऊर्जा खर्च होऊन तिची उष्णता होते. पिशवी खुंटीला अडकवा, खुंटी दमत नाही. जमाखर्चात पिशवीच्या खात्यावर शून्य, शरीराच्या खात्यावर खर्च आणि समोर उष्णता जमा.

अमावस्या
उष्णता आणि तापमान राहिलं! माझ्या मते पुढे सर्वांत जास्त अडतं ते इथेच.

एकाच खोलीत रात्रभर पडलेला लाकडी पाट आणि धातूची जाड थाळी घ्या. हात लावून विचारा, जास्त थंड काय? थाळी. आता विचारा, बर्फाचा खडा कुठे आधी वितळेल? नव्वद वेळा उत्तर येतं "लाकडावर, कारण थाळी थंड आहे". दोन सारखे खडे ठेवा आणि बघत बसा. थाळीवरचा खडा बघता बघता पाणी होतो, लाकडावरचा तसाच ऐटीत बसून राहतो. थाळी आणि पाट एकाच तापमानाला होते. धातू उष्णता झपाट्याने वाहून नेतो: बोटातून बाहेर, म्हणून थंड लागतो, आणि बर्फाच्या आत, म्हणून बर्फ लवकर वितळतो. आपलं बोट तापमान मोजत नाही, बोटातून उष्णता किती वेगाने जाते ते सांगतं.

दुसरी गोष्ट, उकळतं पाणी. तापमापी १०० अंशांवर थांबते, खाली आच चालू. उष्णता जाते कुठे? दशांश यांच्यासाठी आकडे: १ किलो पाणी २० अंशांवरून १०० वर न्यायला साधारण ३३५ किलोज्यूल लागतात. १०० अंशांच्या त्याच पाण्याची १०० अंशांचीच वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल. जवळजवळ सातपट, आणि तापमान एका अंशाने हलत नाही! ती सगळी रेणूंना एकमेकांपासून सोडवण्यात जाते. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा भयंकर असतो तो याच अप्रकट उष्म्यामुळे. त्वचेवर पाणी होताना ती सगळी परत देते.

कणकण
वा! बघा, फिरून कणांवरच आलो की नाही?

दशांश
आकडे आवडले. आणि त्या आकड्यांशिवाय "सातपट" कळलं नसतं, हेही नमूद करतो. बाकी चालू द्या.

निळीशाई
द्रव्यातली एक गोष्ट राहून जाऊ नये. जळणं म्हणजे वस्तू नाहीशी होणं, ही समजूत. मेणबत्ती जळून हलकी होते, म्हणून ती पटते. आता संवेदनशील तराजूवर बारीक स्टील वूल ठेवून पेटवा (खाली न जळणारी थाळी, मोठं माणूस शेजारी, ठिणग्या उडतात). जळल्यावर ते जड होतं. लोखंडाने हवेतला ऑक्सिजन घेतला. मेणबत्तीचंही तसंच असतं, फक्त तिथे तयार झालेली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातात. लाव्हॉझिएने बंद भांड्यांत तोलून तोलून हेच दाखवलं आणि १७८९ मध्ये द्रव्य अक्षय्यतेचं तत्त्व ग्रंथात स्पष्ट मांडलं. तराजूकडे बघत असताना मुलांचे डोळे मोठे होतात, तो क्षण कुठल्याही व्याख्येपेक्षा जास्त काम करतो.

रानवाटा
मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. सुरुवात कुठून? मी अजून बलावर ठाम आहे.

खडूफळा
मी वर्षभर बलच शिकवत असतो, तरी @पाटीपेन्सिल, तुम्ही उष्णता-तापमानापासून सुरू करा असं सांगेन. बर्फाच्या प्रयोगात लगेच निकाल दिसतो, अंदाज जवळजवळ नक्की फसतो, आणि कारण सांगायला कण लागतात. म्हणजे द्रव्य आणि ऊर्जा एकत्र झाले. बल मात्र सलग वेळ काढून, बाणांच्या चित्रांसह. घाईत केलं तर जुनी समजूत तशीच राहते आणि वर नवा नियम चिकटतो.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे मनापासून आभार, हा धागा वाचनखुणेत जातो आहे. आज थाळी आणि पाट झाला. तिने छातीठोकपणे लाकूड सांगितलं आणि मग बर्फाकडे बघत बराच वेळ गप्प बसली. नंतर तिनेच उलटा प्रश्न टाकला: काठोकाठ भरलेल्या पेल्यात बर्फ तरंगतोय, तो वितळला तर पाणी सांडेल का?

रानवाटा
सांडणार. बर्फाचं टोक वर आहे ना पाण्याच्या!

अमावस्या
नाही सांडणार. तरंगणारा बर्फ स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतो. १०० ग्रॅम बर्फाने १०० ग्रॅम पाण्याची, म्हणजे १०० घनसेंटिमीटर जागा घेतलेली असते. वितळल्यावर त्याचं पाणीही १०० ग्रॅमच, नेमकं त्या जागेत बसतं. बर्फाची घनता ०.९२ च्या आसपास आहे, म्हणून तोच १०० ग्रॅम बर्फ सुमारे १०९ घनसेंटिमीटर असतो; ती वरची ९ म्हणजे दिसणारं टोक.

पाटीपेन्सिल
वाचून दाखवलं. तिने पेला भरून पाहिला, खरंच सांडलं नाही. आता विचारते आहे, खूप मीठ विरघळवलेलं पाणी घेतलं तर?

खडूफळा
तिला आधी अंदाज लिहून ठेवायला सांगा, मगच पुढचं वाचून दाखवा.

मिठाच्या दाट पाण्याची घनता १.१० धरू. तरंगण्यासाठी बर्फाला वजन तेवढंच, १०० ग्रॅम पाण्याचंच सारायचं आहे. पण या पाण्याचे १०० ग्रॅम सुमारे ९१ घनसेंटिमीटरमध्येच मावतात. म्हणून बर्फ जास्त वर तरंगतो. वितळल्यावर मात्र गोडं पाणी १०० घनसेंटिमीटर मिळणार, जागा ९१ चीच. उरलेलं साधारण ९ घनसेंटिमीटर काठावरून सांडेल. पेल्याखाली ताटली ठेवा आणि पाण्यात शाईचा रंग घालून बर्फ बनवा, म्हणजे वितळलेलं गोडं पाणी खारट पाण्याच्या वर थर करून राहिलेलंही तिला दिसेल.